वाचकांचे प्रश्न : सर्व्हरची डिस्क नेटवर्कवर नेताना

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्ये आमचा टॉवेल विणण्याचा कारखाना आहे. एका सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल, म्हणजे आभासी, संगणक चालवणारी प्रणाली) बसवून त्यात हिशेब, हजेरी आणि फाइल सर्व्हर अशी तीन व्हर्च्युअल मशीन चालवतो. सर्व्हरमधील जागा संपत आल्यामुळे चार हार्ड डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून साठा पुरवणारे उपकरण) घेतला असून विक्रेत्याने तो आयस्कझीने जोडण्यास सुचवले आहे. ऑफिसच्याच स्विचला नॅस जोडला तर चालेल का? पुढे दुसरा सर्व्हर घेतल्यास तोही याच साठ्यावर चालवता येईल का? आणि मध्येच वीज गेली तर काय होईल?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जोडणी चालेल, परंतु ऑफिसच्या स्विचवरून ती करू नये. आयस्कझीमध्ये डिस्कला द्यायच्या वाचन-लेखनाच्या आज्ञाच टीसीपी/आयपीवरून पाठवल्या जातात. आपला सर्व्हर हा इनिशिएटर, नॅस हा टार्गेट आणि नॅसवर आपण कापून दिलेला साठ्याचा तुकडा म्हणजे लन. सर्व्हरच्या दृष्टीने तो लन ही त्याचीच डिस्क असते. त्यामुळे कोणी ऑफिसमधून सीसीटीव्हीचे चित्रीकरण कॉपी करायला घेतले आणि त्याच तारेवर गर्दी झाली, तर हिशेबाच्या मशीनला आपली डिस्कच मंदावल्याचे जाणवते. सध्या सर्व्हर एकच असल्याने त्याच्या मोकळ्या नेटवर्क पोर्टमधून थेट नॅसला केबल लावावी. स्विचची गरजच नाही. या जोडणीला ऑफिसहून वेगळी आयपी पत्त्यांची मालिका द्यावी आणि गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याचा पत्ता) देऊ नये.

एक गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला साधारण 110 मेगाबाइट मिळतात. हे कमी वाटून अनेक जण लगेच दहा गिगाबिटच्या कार्डाकडे वळतात, पण व्हर्च्युअल मशीनचे काम बहुतांशी विखुरलेल्या लहान वाचन-लेखनाचे असते आणि तेथे चार फिरत्या डिस्कच आधी थकतात. खर्च करायचाच असेल, तर माझ्या मते तो आधी एसएसडीवर करावा. दोन तारा लावणार असाल, तर त्यांची मोळी (बाँडिंग, म्हणजे दोन तारा मिळून एकच जोडणी) न बांधता दोन वेगळ्या सबनेटवर, म्हणजे आयपी पत्त्यांच्या वेगळ्या मालिकांवर, मल्टिपाथ (एकाच लनकडे जाणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा) वापरावा, कारण मोळी बांधली तरी एक टीसीपी जोडणी एका वेळी सहसा एकाच तारेवरून जाते. जम्बो फ्रेमचा, म्हणजे 9000 एमटीयूचा (एमटीयू म्हणजे एका वेळी पाठवायच्या पाकिटाचा कमाल आकार), मोह सुरुवातीला टाळावा. वाटेतील एकाही ठिकाणी हा आकडा जुळला नाही, तर लॉगिन व्यवस्थित होते आणि मोठे लेखन सुरू होताच सारे अडकते.

नॅसवर लन आणि टार्गेट तयार करून फक्त आपल्या सर्व्हरच्या आयक्यूएन नावाला (आयस्कझीतील त्याच्या खास ओळखीला) परवानगी द्यावी आणि चॅप या ओळख तपासण्याच्या पद्धतीचा पासवर्ड लावावा. चॅपमुळे केवळ ओळख पटते, माहिती सांकेतिक होत नाही. वेगळ्या तारेचा आग्रह त्यामुळेही आहे. प्रॉक्समॉक्समध्ये आयस्कझीचा साठा जोडताना लन थेट वापरण्याची खूण काढावी आणि त्या लनवर एलव्हीएम (डिस्कचे हवे तसे भाग पाडणारी लिनक्सची सोय) उभारून तो सामायिक असल्याची खूण करावी.

दुसऱ्या सर्व्हरचा मुद्दा मात्र जपून हाताळावा लागेल. लनवर ईएक्सटी4 सारखी साधी फाइल सिस्टिम घालून ती दोन सर्व्हरवर एकाच वेळी उघडली, तर दोघांनाही ती डिस्क आपल्या एकट्याची वाटते, दोघेही आपापल्या स्मृतीतील नोंदींवर विसंबून लिहितात आणि माहिती बिघडते. व्हीएमवेअरची व्हीएमएफएस ही फाइल सिस्टिम अनेक सर्व्हरांसाठीच घडवलेली आहे. प्रॉक्समॉक्समध्ये हे काम दोन्ही सर्व्हर एकाच क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या गटात) घेऊन साध्या एलव्हीएमवर होते. एलव्हीएम-थिन, म्हणजे लागेल तशीच जागा व्यापणारा प्रकार, मात्र असा वाटून घेता येत नाही. साध्या एलव्हीएमवर स्नॅपशॉटची (मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याची) सोय पूर्वी नव्हती. प्रॉक्समॉक्सच्या 2025 मधील 9.0 आवृत्तीत ती चाचणी स्वरूपात आली आहे, म्हणून हिशेबाच्या मशीनसाठी तिच्यावर इतक्यात विसंबू नये. स्नॅपशॉट हवेतच, तर त्याच नॅसवर एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटून देण्याची पद्धत) घेऊन क्यूकाऊ2 फाइली (फाइलच्या रूपातील व्हर्च्युअल डिस्क) ठेवणे सोपे पडते. दोन सर्व्हरांच्या क्लस्टरमध्ये एक बंद पडल्यास बहुमत उरत नाही, तेव्हा तिसऱ्या मतासाठी एखाद्या लहान संगणकावर क्यूडिव्हाइस (क्लस्टरला केवळ मत देणारी सेवा) बसवावे. शिवाय नवा सर्व्हर जुन्याची प्रत काढून तयार केला, तर आयक्यूएनही तोच येतो; तो बदलल्याशिवाय जोडू नये.

आता विजेविषयी. सर्व्हर आणि नॅस दोन्ही यूपीएसवर हवेत. पुढे मध्ये स्विच आला, तर तोही, कारण नेमका तोच विसरला जातो. वीज गेल्यावर आधी व्हर्च्युअल मशीन, मग सर्व्हर आणि शेवटी नॅस बंद व्हावा. वीज आल्यावर नॅस आधी उठावा. नॅस मध्येच गप्प झाला, तर लिनक्सचा इनिशिएटर मूळ मांडणीत 120 सेकंद वाट पाहतो, नंतर मशीनला चूक कळवतो आणि लिनक्स असलेल्या मशीनची फाइल सिस्टिम बहुधा केवळ वाचण्यापुरती उरते. नॅसचे फर्मवेअर अद्ययावत करताना तो पुन्हा सुरू व्हायला याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून त्याआधी मशीन बंद करावीत. नॅस मागांच्या शेडमध्ये ठेवू नये. सुताचे तंतू पंख्यात बसतात आणि सोलापूरचा एप्रिल-मे डिस्कना तसाही सोसवत नाही.

नॅसमधील रेड (एखादी डिस्क बिघडली तरी काम चालू राहावे म्हणून केलेली अनेक डिस्कची मांडणी) म्हणजे बॅकअप नव्हे. हिशेबाची प्रत दुसऱ्या उपकरणावर जात राहिली पाहिजे. स्थलांतराची सुरुवात हजेरीच्या मशीनपासून करावी. त्याची डिस्क चालू स्थितीतच नव्या साठ्यावर हलवता येते. त्या वेळी मूळ डिस्क पुसण्याची खूण करू नये, म्हणजे ती न वापरलेली डिस्क म्हणून जागेवर राहते. पगारपत्रक निर्विघ्न निघाल्यावर ती पुसावी आणि मग हिशेबाचे मशीन हलवावे.