दरमहा इतके पौंड कुठून आले? वीज-गॅसच्या हप्त्याविषयी प्रश्नोत्तरे

ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर मागे जातात, घरोघरी हीटिंग सुरू होतं आणि माझ्याकडे वीज-गॅसच्या पत्रांचा ओघ लागतो. यंदाची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: कंपनी आपल्या बँक खात्यातून दरमहा जी रक्कम परस्पर उचलते (डायरेक्ट डेबिट), ती कोण ठरवतं आणि कशावरून? त्यातली काही इथे घेतो. उत्तरं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरती आहेत. उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा.

आम्ही दोघंच आहोत. सप्टेंबरात रेडिंग शहरातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. दिवसभर दोघंही ऑफिसात असतो. तरी कंपनीने 190 पौंडांचा हप्ता लावलाय. आम्ही नीट राहायलाही लागलो नाही, मग हा आकडा आला कुठून?

बहुधा तुमच्या आधी तिथे राहून गेलेल्यांकडून. प्रत्येक मीटरच्या नावावर वर्षभराच्या वापराचा एक अंदाज नोंदलेला असतो. भाडेकरू बदलला तरी तो अंदाज मीटरलाच चिकटून राहतो. आधीच्या कुटुंबात तान्हं बाळ असेल, कुणी दिवसभर घरी बसून काम करत असेल, तर त्यांची ऊब आता तुमच्या हप्त्यात मोजली जातेय.

हप्त्याचा हिशेब एरवी पाचवीतल्या मुलालाही जमेल असा आहे. वर्षाची अंदाजे युनिटं (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, गॅसलाही) गुणिले दर, अधिक 365 दिवसांचा स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर असो-नसो रोज लागणारा ठरावीक आकार. त्यात मागची थकबाकी मिळवायची किंवा शिल्लक वजा करायची आणि 12 ने भागायचं. बस. सगळी गंमत त्या ‘अंदाजे’ शब्दात आहे.

तुमच्यासाठी करून बघू. ऑफजेम या वीज-गॅस नियामकाने 2023 मध्ये कमी वापराच्या घरासाठी वर्षाला विजेची 1,800 आणि गॅसची 7,500 युनिटं धरली होती. दोन माणसांच्या फ्लॅटला सुरुवात म्हणून हा आकडा वाईट नाही. दर सोयीसाठी गोल घेतो, तुम्ही आपल्या बिलावरचे घाला: वीज 25 पेन्स, गॅस 6 पेन्स, दोन्हींचा मिळून स्टँडिंग चार्ज दिवसाला 90 पेन्स. विजेचे 450 पौंड, गॅसचे 450, स्टँडिंग चार्जचे साधारण 328. एकूण 1,228, म्हणजे महिन्याला 102 पौंडांच्या आसपास. तुमच्या 190 च्या हप्त्याने वर्षाला 2,280 होतात. फरक दिसला ना?

आता कंपनीला फोन करा, पण ‘हप्ता जास्त वाटतो’ एवढंच म्हणू नका. त्याने समोरचा माणूस हलत नाही. ‘माझ्या खात्यावर वर्षाची किती युनिटं धरली आहेत, वीज किती आणि गॅस किती?’ असं विचारा. ठरावीक रकमेचा हप्ता उपलब्ध असलेल्या सर्वांत ताज्या आणि चांगल्या माहितीवरून ठरवायचा आणि तो कसा ठरवला हे साध्या भाषेत सांगायचं, ही कंपनीच्या परवान्याचीच अट आहे. घराचा ताबा घेतला त्या दिवशीचा मीटरचा फोटो असेल तर उत्तम. नसेल तर आज काढा.

एक सावधगिरी. सप्टेंबरचा वापर वर्षभर तसाच धरून ‘आमचा महिन्याचा खर्च तर 60 पौंडच आहे’ असं भांडू नका. सप्टेंबरात बॉयलर झोपलेला असतो. जानेवारीत तो तुमचं पितळ उघडं पाडेल.

कंपनीकडच्या माझ्या खात्यावर 310 पौंड शिल्लक दिसतात. कंपनी माझे पैसे फुकट वापरतेय का? परत मागू का?

तुम्ही पत्राची तारीख 14 ऑक्टोबर घातली आहे, तीच महत्त्वाची. हप्ता बारा महिने सारखा, पण वापर तसा नाही. गॅसचा बहुतेक खर्च थंडीच्या चार-पाच महिन्यांतच होतो. त्यामुळे उन्हाळ्यात शिल्लक साचते, ऑक्टोबरात शिगेला पोचते आणि मार्च-एप्रिलपर्यंत उतरत जाते. गावाकडे पावसाआधी सरपण रचून ठेवतात, तसंच हे. ऑक्टोबरात दोनेक हप्त्यांइतकी शिल्लक असणं अगदी सुदृढ लक्षण आहे. तुमचा हप्ता 150 चा आहे, त्यामुळे 310 बघून मी तरी दचकलो नसतो.

खरी परीक्षा मार्चअखेरची. तेव्हा ताजं रीडिंग देऊन शिल्लक बघा. शून्याच्या आसपास असेल तर हप्ता बरोबर. थंडी संपूनही 300 पौंड पडून असतील, तर तुम्ही खरोखरच जास्त भरताय. परत मागा आणि हप्ताही कमी करून घ्या. शिल्लक मागण्याचा हक्क तुम्हाला केव्हाही आहे. कंपनीला नकार द्यायचा असेल तर तसं पटणारं कारण सांगावं लागतं.

‘फुकट वापरतेय का’ ही शंका मात्र अगदीच अनाठायी नाही. 2021 च्या उत्तरार्धात गॅसचे घाऊक भाव भडकले आणि दोन डझनांहून जास्त कंपन्या बुडाल्या. त्यांतल्या काहींचा धंदा ग्राहकांच्या शिलकीवरच चालला होता हे तेव्हा उघड झालं. ग्राहकांची शिल्लक बुडाली नाही, कारण ऑफजेमच्या व्यवस्थेनुसार ती पुढच्या कंपनीकडे जमा राहते. त्याचा भार मात्र शेवटी सगळ्यांच्याच बिलांवर पडला.

डिसेंबर ते मार्च आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे आले होते. एप्रिलमध्ये हप्ता 125 वरून एकदम 195 झाला. सरळ बँकेत डायरेक्ट डेबिट बंद करून टाकला तर?

थांबा! बँकेचं अ‍ॅप उघडण्याआधी तुम्ही पाठवलेलं कंपनीचं पत्र पुन्हा वाचू. वाढलेल्या 70 पौंडांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत.

पहिली, थकबाकी. आई-बाबा होते तेव्हा सकाळपासून रात्रीपर्यंत हीटिंग चालू राहिलं आणि राहायलाच हवं होतं. खातं 360 पौंडांनी मागे पडलं. ते वर्षभरात वसूल करायचे म्हणजे महिन्याला 30. हे देणं खरं आहे. एवढं झेपत नसेल तर जास्त महिन्यांत विभागून मागा; परतफेड ठरवताना ग्राहकाची ऐपत विचारात घेणं कंपनीवर बंधनकारक आहे.

दुसरी, उरलेले 40. कंपनीच्या संगणकाने ते चार महिने बघितले आणि पुढची थंडीही तशीच जाणार असं गृहीत धरलं. त्याला काय माहीत की आई-बाबा परत गेले! इथे तुम्ही भांडू शकता. ‘पाहुणे होते, पुढच्या हिवाळ्यात नाहीत, त्याआधीच्या वर्षाचा वापर धरा’ असं लेखी कळवा. 195 ऐवजी 155 वर यायला हरकत नसावी.

आणि एक गोष्ट आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये थकबाकी फिटेल, तेव्हा ते 30 पौंडही गळले पाहिजेत. अनेकदा गळत नाहीत. कुणी मुद्दाम करतं असं नाही, पण हप्ता चढतो जिन्याने पळत आणि उतरतो काठी टेकत.

बँकेतून परस्पर बंद करण्याचं म्हणाल, तर देणं तसंच राहतं आणि वर दर वाढण्याची भीती. बिल आल्यावर पैसे भरणाऱ्यांचा दर डायरेक्ट डेबिटवाल्यांपेक्षा सहसा जास्त असतो. ठरावीक हप्ता नकोच असेल तर बऱ्याच कंपन्यांकडे बदलत्या रकमेचा डायरेक्ट डेबिट मिळतो: त्या महिन्यात जेवढा वापर, तेवढेच पैसे. जुलैत मजा, जानेवारीत पोटात गोळा. ज्यांचा पगार जेमतेम पुरतो त्यांना मी हा मार्ग सुचवत नाही.

बँकेचं संरक्षण आहे, पण ते चुकांसाठी. रक्कम बदलायची तर कंपनीला आधी कळवावं लागतं, सहसा 10 कामाचे दिवस. न कळवता किंवा चुकीची रक्कम उचलली तर बँक ती तुम्हाला पूर्ण परत देते. हप्ता फक्त आवडला नाही म्हणून बँकेकडून मागून घेतलेले पैसे पुन्हा द्यावे लागतात.

एप्रिल 2022 आठवतो? दरमर्यादा, म्हणजे ऑफजेम ठरवते ती दरांची कमाल पातळी, एका झटक्यात 54 टक्क्यांनी वाढली होती. त्या काळात पाच लाखांहून अधिक ग्राहकांचे हप्ते दुपटीच्याही वर गेल्याचं ऑफजेमच्या पाहणीत आढळलं आणि कंपन्यांना खुलासा द्यावा लागला. दर दीडपट आणि हप्ता दुप्पट, याचा मेळ प्रत्येक वेळी थकबाकीने बसत नाही.

सरकारची दरमर्यादा आहे ना? बातम्यांत सांगतात त्यापेक्षा माझं वर्षाचं बिल जास्त कसं?

मर्यादा युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर आहे, तुमच्या बिलावर नाही. बातम्यांतला आकडा ‘सरासरी’ घराचा असतो. जास्त वापर, जास्त बिल. ही मर्यादा ऑफजेमने जानेवारी 2019 पासून लावली आणि ऑक्टोबर 2022 पासून ती दर तीन महिन्यांनी बदलते. ठरावीक मुदतीच्या स्थिर दराच्या करारांना ती लागू नाही.

स्मार्ट मीटर बसवलाय, तरी बिलात अंदाजच का?

बिलावर रीडिंगशेजारी कंसात छोटं अक्षर असतं, ते पाहा. बऱ्याच कंपन्या ‘ई’ म्हणजे अंदाज, ‘ए’ म्हणजे प्रत्यक्ष आणि ‘सी’ म्हणजे ग्राहकाने दिलेलं, असं लिहितात. स्मार्ट मीटर रीडिंग आपोआप कंपनीला पाठवतो; तो असून ‘ई’ दिसत असेल तर मीटर मुका झालाय. कंपनी बदलल्यावर किंवा सिग्नल कमी पडल्यावर असं होतं. तो दुरुस्त होईपर्यंत महिन्याला एकदा स्वतः रीडिंग पाठवा. दर बदलण्याच्या तारखांना (1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर) तर नक्की, नाहीतर जुन्या दराची युनिटं नव्या दरात मोजली जाण्याचा धोका असतो.

जूनमध्ये गॅसचं मीटर बदललं. तेव्हापासून बिल जवळजवळ तिप्पट. बॉयलर बघून घेतला, ठणठणीत आहे. हप्ताही वाढवलाय.

तुम्ही मीटरचा फोटो पाठवलात ते फार बरं केलं. नव्या मीटरवर आकड्यांच्या शेवटी ‘एम’ आणि वर छोटा 3 आहे, म्हणजे घनमीटर. बिलात मात्र हिशेब जुन्या मीटरसारखा, शंभर घनफुटांत धरलाय. शंभर घनफूट म्हणजे 2.83 घनमीटर. तुमच्या ‘तिप्पट’चं मूळ इथे आहे.

बिलावरच पडताळा. घनमीटरला 1.02264 ने गुणायचं (तापमान-दाबासाठीची दुरुस्ती), मग बिलावर छापलेल्या उष्मांकाने, म्हणजे एका घनमीटर गॅसमधल्या उष्णतेच्या आकड्याने (साधारण 39.5), आणि 3.6 ने भागायचं. एका घनमीटरमागे सव्वाअकराच्या थोडी कमी युनिटं निघतात. तुमचे एका महिन्याचे 90 घनमीटर म्हणजे 1,010 युनिटं, 6 पेन्सने जवळपास 61 पौंड. बिलात लावलीत 2,858 युनिटं, म्हणजे 171 पौंड. 2.83 चा गुणाकार छापलेला दिसला की मीटरचा फोटो जोडून लेखी तक्रार करा. जूनपासूनची सगळी बिलं नव्याने करून मागा आणि हप्ताही त्यावरून. बॉयलरवाल्याला दिलेले पैसेही मागून बघा, चूक कंपनीची आहे.

आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही, किंवा कंपनीने ‘यापुढे काही करणार नाही’ असं लेखी दिलं, तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे जा. पैसे लागत नाहीत आणि तुम्ही निकाल मान्य केलात की तो कंपनीवर बंधनकारक होतो.

कंपनीने 19 महिन्यांनी जाग येऊन जुन्या वापराचे 900 पौंड मागितलेत. द्यावे लागतील?

सगळे नाहीत. बिल पाठवायला कंपनीनेच उशीर केला असेल तर 12 महिन्यांच्या मागचा वापर आता वसूल करता येत नाही. 2018 पासून तसा नियम आहे. पहिल्या सात महिन्यांची रक्कम वगळून नवं बिल मागा. अट एवढीच की अडवणूक तुम्ही केलेली नसावी. रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला वारंवार दारातून परत पाठवलं असेल, तर हा नियम तुमच्या कामाचा नाही.