ठाण्याला 'गेट डाऊन' की 'गेट ऑफ'?

प्रश्न: मी कोपरखैरण्याहून रोज ट्रेनने ठाण्याला ऑफिसला जाते. परवा बाहेरच्या क्लायंटला फोनवर म्हटलं, 'आय ॲम गेटिंग डाऊन ॲट ठाणे', तर नंतर टीममधली मुलगी म्हणाली ते 'गेटिंग ऑफ' असतं. शाळेपासून आम्ही गेट डाऊनच म्हणतोय, चुकलं का? आणि रिक्षाला पण गेट ऑफच का?

उत्तर: ताई, आधी टेन्शन सोडा, आपल्याकडे गेट डाऊन सगळ्यांना कळतं, सगळे तेच बोलतात. पण बाहेरच्या माणसाला ते खटकतं, कारण त्याच्यासाठी गेट डाऊन म्हणजे झाडावरून, शिडीवरून खाली ये, नाहीतर पटकन खाली वाक. ट्रेन, बससाठी ते गेट ऑफच म्हणतात.

घोळ होतो तो आपल्या 'उतरणे'मुळे, कारण ट्रेन असो की रिक्षा, आपण उतरतोच. पण चढताना बघा, ट्रेनमध्ये आपण 'चढतो' आणि रिक्षात 'बसतो', बरोबर? मला हे फार आवडतं, कारण फरक आपल्या भाषेतच आहे, फक्त तो चढताना दिसतो उतरताना नाही. जिथे चढलात तिथे गेट ऑन आणि गेट ऑफ, जिथे आत बसलात तिथे गेट इन आणि गेट आऊट ऑफ (हा ऑफ एका एफचा, of; गेट ऑफमधला दोन एफचा, off). म्हणून 'गेट ऑफ द ट्रेन' पण 'गेट आऊट ऑफ द रिक्षा'. बाईकवर बसतो, त्यात 'वर' आहे म्हणून तिथे पण ऑफ. विमान मात्र फसवतं, आपण विमानात बसलो म्हणतो पण इंग्रजीत तिथे ऑन-ऑफच, तेव्हा अजून एक खूण ठेवा, आत उभं राहून चालता येत असेल तर ऑफ.

आता एक चूक जी मी सगळ्यात जास्त ऐकतो, 'गेट ऑफ फ्रॉम द ट्रेन'. आपल्या 'ट्रेनमधून'मधलं 'मधून' तिथे घुसतं. ते फ्रॉम काढून टाका. स्टेशनचं नाव घ्यायचं तर ॲट, 'गेट ऑफ ॲट ठाणे'. रिक्षाच्या वाक्यातला एका एफचा ऑफ (of) मात्र गाळू नका, 'गेट आऊट द रिक्षा' नको.

आणि हो, 'इट गेट्स मी डाऊन' कानावर आलं तर त्यात उतरायचं काही नाही, त्या गोष्टीने मन खट्टू होतं एवढाच अर्थ. तुम्ही उद्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवलात की क्लायंटला सांगा, 'आय जस्ट गॉट ऑफ द ट्रेन'.