उपनगरातला जेमतेम किलोमीटरभराचा रस्ता ‘मुख्य रस्ता’ कसा, आणि तो कायम तुंबलेला का असतो?

मुख्य रस्ता ठरतो तो कामावरून, लांबीवरून नाही. गल्ल्यांमधली वाहनं गोळा करून महामार्गाला किंवा शहराकडे नेऊन सोडणं हे त्याचं काम. वस्तीतून बाहेर पडायला तोच एक मार्ग असेल तर किलोमीटरभरही पुरे.

तुंबण्याचं कारण रुंदीत नाही, चौकात शोधा. दिवा सतत हिरवा राहिला तर एका लेनमधून तासाला साधारण १८०० गाड्या सुटतात. ९० सेकंदांच्या चक्रात हिरवा ३० सेकंदच मिळाला की आकडा ६००वर येतो. मग मधे चार लेन असून उपयोग काय? त्यात रस्ता आखूड. थांबलेली गाडी पुढच्या फटीसकट सात मीटर धरली, तर दोन सिग्नलमधल्या १५० मीटरांत एका लेनला एकवीसच गाड्या मावतात. बाविसावी मागच्या चौकात आडवी उभी राहते आणि तिकडचा हिरवा दिवाही वाया जातो.

शिवाय दर शंभर पावलांवर एखादं फाटक. तिथून कुणी गाडी मागे घेत बाहेर काढली की अख्खी लेन थांबते.

म्हणून रुंदीकरणाआधी सिग्नलच्या वेळा एकमेकांशी जुळवाव्यात, चौकालगतचं पार्किंग उठवावं. आणि लेन वाढवायला फुटपाथ तर मुळीच कापू नये. दप्तर पाठीवर घेतलेलं पोर वाहनांच्या कडेकडेने चालताना खरंच बघवत नाही.