वर्षाला किती रिलीज येतात यावरून इन्फ्रा टूल निवडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा जणांच्या टीमसाठी इन्फ्राची, म्हणजे सॉफ्टवेअर चालतं ठेवणाऱ्या यंत्रणेची, टूल्स पक्की करायची आहेत. गेल्या वर्षभरात कुठल्या टूलचे किती रिलीज (नवी व्हर्जन्स) आले ते गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरून मोजून तुम्ही तक्ता केलात. जेनकिन्स (कोड आपोआप तपासून सर्व्हरवर चढवणारं) आणि कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर ॲप्स चालवणारं) वर आले, टेराफॉर्म (कोड लिहून सर्व्हर उभे करणारं) मधोमध, पोस्टग्रेस (डेटाबेस) तळाला. मॅनेजर म्हणतोय, तळाची टूल्स थंडावलेली दिसतात, दुसरं काही बघू. हा निकष चालेल का?

माझ्या मते नाही, निदान या रूपात तरी नाही. मी चौदा वर्षं पुण्यात हेच काम करतोय. सर्व्हर, डिप्लॉयमेंट, डेटाबेस आणि रात्री दोनला वाजणारा फोन. असा तक्ता मीही एकदा केला होता, आणि तो चांगला रंगीबेरंगी होता. रिलीजच्या आकड्यावरून टूल बनवणाऱ्यांचे हात किती चालू आहेत ते कळतं. त्यातलं किती काम तुमच्या अंगावर येणार, ते त्यातून कळत नाही, आणि निवड करताना तेवढंच कळायला हवं असतं.

आधी मोजणीतली गफलत. गिटहबवर पोस्टग्रेसची नुसती प्रत असते. मूळ रेपॉझिटरी (कोडचं भांडार) प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे, आणि गिटहबच्या रिलीजच्या रकान्यात ती मंडळी काही टाकत नाहीत. त्यामुळे तुमच्या स्क्रिप्टच्या हाती भोपळा आला असणार. प्रत्यक्षात त्यांच्याइतकी शिस्त मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात एक मेजर (मोठं) व्हर्जन, त्याला पाच वर्षं सपोर्ट, आणि फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर या महिन्यांच्या दुसऱ्या गुरुवारी मायनर (दुरुस्त्यांचं). एका वेळी पाच मेजर व्हर्जन्स सपोर्टमध्ये असतात, म्हणून मायनरचे टॅग (व्हर्जनच्या खुणा) मोजलेत तर वर्षाला वीस भरतील. पण तुम्ही त्यातलं एकच चालवणार, म्हणजे तुमच्या वाट्याला चार. शून्य, वीस आणि चार. डेटाबेस एकच, आणि तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर.

कुबरनेटिसचं उलटं होतं. तिथे एका वेळी तीन मायनर व्हर्जन्सना (१.२२, १.२३ अशी; तिथली हीच मोठी) सपोर्ट असतो आणि प्रत्येकाला साधारण महिन्याला एक पॅच (दुरुस्ती) येतो. त्यावर अल्फा, बीटा, आरसी असे चाचणीच्या व्हर्जन्सचे टॅग. एकच दुरुस्ती तीन ठिकाणी तीनदा मोजली जाते, आणि तक्त्यात आकडा फुगून बसतो.

दुसरं म्हणजे रिलीजचे दोन स्वभाव असतात. माझं गाव सातारा जिल्ह्यात, म्हणून मी नव्या मुलांना हे एसटी आणि वडापच्या भाषेत सांगतो. एसटी वेळेवर सुटते, निदान वेळापत्रकात तरी. तुमचा प्रवासी फलाटावर पोचला नसेल तर तो पुढच्या गाडीनं येईल. पोस्टग्रेस, कुबरनेटिस, दर सहा महिन्यांनी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येणारी गो भाषा, दर सहा आठवड्यांनी येणारी रस्ट, ही सगळी एसटी. वडाप जीप भरली की निघते. कधी दहा मिनिटांत, कधी तासानं. ग्नू मेक या प्रोग्राम बांधायच्या जुन्या टूलचं ४.३ जानेवारी २०२० मध्ये आलं आणि ४.४ थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. मध्ये पावणेतीन वर्षं गेली, पण मेक मेलं असं कुणाच्या मनातही आलं नाही. जीप भरली नव्हती, इतकंच. एसटीच्या फेऱ्या आणि वडापच्या फेऱ्या एकाच रकान्यात लिहिल्या तर त्यातून काय निघणार?

आता अंगावर येणाऱ्या कामाकडे येतो. इथे माझा स्वतःचा पोळलेला हात दाखवतो.

कुबरनेटिसचे २०२१ पर्यंत वर्षाला साधारण चार मायनर रिलीज येत. त्या वर्षीच्या १.२२ पासून ते तीनवर आणले. तुमच्या निकषानं टूलची तब्येत तेव्हा बिघडली म्हणायची. प्रत्यक्षात आम्ही सुटकेचा श्वास सोडला, कारण प्रत्येक व्हर्जनला सपोर्ट साधारण १४ महिनेच असतो आणि क्लस्टरचा (सर्व्हरच्या जुडग्याचा) कंट्रोल प्लेन, म्हणजे त्याचा मेंदू, वर नेताना मधली पायरी गाळता येत नाही. १.२१ वरून १.२४ ला जायचं तर १.२२, १.२३ करतच जावं लागतं. म्हणजे कितीही आळशी टीम असली तरी वर्षातून एकदा बसायचं आणि तीन पायऱ्या चढायच्या. त्या पायऱ्यांवर काय काय काढून टाकलेलं असतं ते वेगळंच. १.२२ मध्ये इन्ग्रेसच्या (बाहेरची रहदारी आत आणण्याच्या सोयीच्या) जुन्या बीटा एपीआय (टूलशी बोलायच्या पद्धती) गेल्या, १.२४ मध्ये डॉकरशिम (डॉकरशी जोडणारा दुवा) गेलं, १.२५ मध्ये पॉड सिक्युरिटी पॉलिसी (सुरक्षेचे नियम).

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे १.२२ ची पायरी आली. कंपनीचं नाव नको, आणि चूक सर्वस्वी माझी होती. जुन्या एपीआय जाणार ही सूचना वर्ष-दीड वर्ष आधीपासून लॉगमध्ये पिवळ्या रंगात येत होती, आणि मी ती रोज बघून सोडून देत होतो. क्लस्टर वर गेला, चालू असलेली सेवा चालू राहिली, आणि मला वाटलं झालं. दुसऱ्या दिवशी एका किरकोळ बदलासाठी हेल्म या टूलनं डिप्लॉय करायला गेलो तर आधीच्या रिलीजच्या मॅनिफेस्टमधली (काय चालवायचं ते लिहिलेल्या फाइलमधली) एपीआयच आता सापडत नाही म्हणून ते अडून बसलं. नवं काही चढेना, जुन्यावर परतता येईना. गणपती चार दिवसांवर. माझ्या सहकाऱ्याचं रत्नागिरीच्या गाडीचं तिकीट तीन महिने आधी काढलेलं. त्यानं ते रद्द केलं नाही, आणि बरंच केलं. हेल्मनं साठवलेल्या जुन्या नोंदी एकेक करून दुरुस्त करत मी दोन रात्री काढल्या. त्या वर्षी घरच्या आरतीला मी व्हिडिओ कॉलवर होतो, तोही म्यूट करून.

हे काम टाळलं तर काय होतं, याची किंमत आता रोखीत मोजता येते. ॲमेझॉनच्या ईकेएस या भाड्याच्या कुबरनेटिसवर सपोर्टमधल्या क्लस्टरला तासाला ०.१० डॉलर पडतात. व्हर्जन जुनं होऊन विस्तारित सपोर्टमध्ये गेलं की तासाला ०.६०. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ८७६ डॉलरचे ५,२५६ होतात, एका क्लस्टरमागे, नुसतं जागचं न हलल्याबद्दल. तुमच्या तक्त्यात हा रकाना घाला. मॅनेजरला तो लगेच समजेल.

याच्या शेजारी पोस्टग्रेस ठेवून बघा. मायनर व्हर्जनला डेटा हलवावा लागत नाही. नवं पॅकेज घालायचं, सर्व्हर रीस्टार्ट करायचा, झालं. मेजरला पीजी-अपग्रेडसारखं टूल लागतं, पण तिथे पायऱ्या गाळता येतात. १२ वरून सरळ १७ ला उडी मारता येते. पाच वर्षांतून एकदाच हे केलं तरी चालतं. (जुने आकडे बघत असाल तर एक लक्षात ठेवा. २०१७ च्या १० व्या व्हर्जनआधी ९.५ आणि ९.६ ही दोन वेगळी मेजर व्हर्जन्स होती. स्क्रिप्ट पहिल्या टिंबापाशी तोडलीत तर इथेही घोळ होईल.) शिस्तीतल्या माणसालाही ठेच लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये १४ तारखेला १७.१ आलं, त्यात काही एक्स्टेन्शन्स (वरून जोडलेले भाग) मोडतील असा बदल निघाला, आणि बरोबर आठवड्यानं, २१ तारखेला, ठरल्या वेळापत्रकाबाहेर १७.२ काढावं लागलं. तो आठवडा मी रजेवर होतो म्हणून आमचं निभावलं. याला शहाणपण म्हणत नाहीत, पण तेव्हापासून मायनर आला की प्रोडक्शनच्या आधी स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) चार दिवस ठेवायची सवय लागली.

जेनकिन्स तुमच्या यादीत पहिला आला त्याचं कारण सोपं आहे. त्याचं एक व्हर्जन दर आठवड्याला निघतं, म्हणजे वर्षाला पन्नासच्या वर. शहाणी माणसं एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्ट असलेलं व्हर्जन, घेतात. त्याचा पाया दर बारा आठवड्यांनी बदलतो. पण खरी मेख जेनकिन्सच्या गाभ्यात नाहीच, प्लगिन्समध्ये (वरून लावायच्या जोडण्यांमध्ये) आहे. ती हजारांनी आहेत, प्रत्येकाचा वेगळा मालक आणि वेगळी चाल. काहींना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. ती तुमच्या मोजणीत आलीच नाहीत. अंगावर येणारं कामही साप्ताहिक आकड्यात दिसत नाही. सप्टेंबर २०२२ च्या २.३६१.१ या एलटीएसपासून जावा ११ सक्तीचं झालं, आणि ऑक्टोबर २०२४ च्या २.४७९.१ पासून जावा १७. जुन्या एजंट (जेनकिन्सची कामं प्रत्यक्ष करणाऱ्या) मशीनवर जावा ८ घेऊन बसलेल्यांना हे दोन रिलीज बाकीच्या शंभरांपेक्षा जड गेले.

जास्त रिलीज म्हणजे जोमदार प्रकल्प, हा समज मोडायला डिसेंबर २०२१ पुरेसा आहे. लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत ते सुरक्षेचं कुप्रसिद्ध भगदाड सापडलं, आणि त्या एका महिन्यात २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशी चार व्हर्जन्स आली, कारण प्रत्येक ठिगळाखाली नवं भोक दिसत होतं. तक्त्यात तो महिना दृष्ट लागण्यासारखा दिसेल. त्यावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ख्रिसमस कसा गेला ते.

आणि नवं ते लगेच घेणाऱ्यांसाठी एक्सझेडची गोष्ट. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये त्या कॉम्प्रेशन लायब्ररीची ५.६.० आणि ५.६.१ ही व्हर्जन्स आली, आणि दोन्हींत कुणीतरी पद्धतशीरपणे चोरदरवाजा बसवला होता. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. हे गृहस्थ पोस्टग्रेसचे डेव्हलपर. एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून ते खणत गेले आणि २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं. डेबियन या लिनक्सच्या टेस्टिंग शाखेत ही व्हर्जन्स पोचली होती. डेबियन स्टेबल, ज्याला सगळे जुनाट म्हणून नाकं मुरडतात, तिथे पोचलीच नव्हती.

काही गोष्टी तर रिलीजच्या आकड्यात कुठेच उमटत नाहीत. टेराफॉर्मचं १.० जून २०२१ मध्ये आलं, आणि त्याबरोबर १.एक्स मालिकेत तुमचा कोड मोडणार नाही अशी हमी. ०.११ वरून ०.१२ ला जाताना कॉन्फिगरेशनची भाषाच बदलली होती हे ज्यांना आठवतं, त्यांना त्या हमीची किंमत विचारा. पण ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचं खुलं लायसन्सच बदलून बंधनांचं झालं. रिलीज नेहमीसारखेच चालू होते, आलेखात रेषा सरळ होती, आणि तरी जानेवारी २०२४ मध्ये टेराफॉर्मच्याच जुन्या कोडवर बेतलेल्या ओपनटोफूचं १.६ घेऊन लोक वेगळ्या वाटेनं निघाले होते. कुबरनेटिसमध्ये रहदारी आत आणणाऱ्या इन्ग्रेस-एनजिनेक्सचंही तसंच. व्हर्जन्स येत होती, जगभर वापरलं जात होतं, आणि मागे काम करणारी माणसं एक किंवा दोन, तीही फावल्या वेळात. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की मार्च २०२६ नंतर काही मिळणार नाही.

मग तक्त्यात काय ठेवायचं? मी हल्ली एका टूलमागे चार गोष्टी बघतो, आणि त्यातल्या दोन स्क्रिप्टनं निघत नाहीत, चहाचा कप घेऊन वाचत बसावं लागतं. व्हर्जनला सपोर्ट किती महिने. मधली पायरी गाळता येते का. गेल्या दोन वर्षांच्या रिलीज नोट्समध्ये 'काढून टाकलं' असं किती ठिकाणी लिहिलंय, आणि काढण्याआधी किती दिवस सांगितलं होतं. आणि कमिट करणारी, म्हणजे कोडमध्ये बदल घालणारी, माणसं किती, त्यातली एक नोकरी सोडून गेली तर किती उरतील. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि सगळ्यात कमी लोक ती बघतात. रिलीजची संख्या ठेवायचीच असेल तर एकाच शाखेची ठेवा, आणि सुरक्षेसाठीचे पॅच वेगळे काढा.

या हिशेबानं तुमचा तक्ता बहुतेक उलटा होईल. पोस्टग्रेस वर जाईल, टेराफॉर्म किंवा ओपनटोफू मधोमधच राहील, कुबरनेटिस खाली. बारा जणांच्या टीमला कुबरनेटिस खरोखर हवंय का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही म्हणून सोडतो, पण त्यासाठी वर्षाकाठी एका माणसाचे तीन-चार आठवडे बाजूला काढायची तयारी ठेवा. आणि जेनकिन्सचं कुठलं व्हर्जन चालवताय ते कमेंटमध्ये सांगा. साप्ताहिक असेल तर आधी एलटीएसवर या, बाकीच्या रकान्यांचं नंतर बघू.