मैत्रिणींना पावसाआधीच येऊ दे

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. दुसरी कोंबडीही खुडूक झाली (अंडी द्यायचं सोडून नुसती बसून राहते), न्हाणीतला नळ गळतो, मागचं दार लागत नाही, पडवीची कौलं फुटलीत, आणि मुंबईच्या मैत्रिणी यायचं म्हणत होत्या त्यांना तू "घर जरा नीट होऊ दे, दिवाळीनंतर या" असं कळवलंस. बाकीचं एकेक करून खाली लिहिते, पण आधी हे शेवटचं. त्यांना थोपवू नकोस. चार-आठ दिवसांत बोलाव, पावसाआधीच.

जांभ्याच्या भिंती, लाकडाचे वासे, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. असं घर पूर्ण नीट होऊन बसलेलं मी तरी अजून पाहिलं नाही. एक कोपरा धरला की दुसरा सुटतो. तुझ्या आजोबांच्या वेळीही असंच होतं, आणि तरी त्या ओटीवर रोज कोणी ना कोणी बसलेलं असायचं. घर आवरून झाल्यावर माणसं बोलवू म्हणणाऱ्यांच्या ओट्या ओस पडतात, कारण आवरून होतच नाही.

तू कामांची यादी केलीस ते फार चांगलं केलंस. पण तिच्यात रंग पहिल्या नंबरावर आहे. रंग पाठव शेवटी. ज्यानं माणसाला इजा होईल ते काम सगळ्यात आधी. म्हणजे पाणचुलीजवळचं ते उघडं पडलेलं वायरिंग आणि विहिरीकडे जाताना हलणारी पायरी. वायरिंगला स्वतः हात लावू नकोस, वायरमनला बोलाव आणि मेन स्विचशेजारी ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच, बसवून घे, ओल्या दिवसांत तो जीव वाचवतो. त्यानंतर जिथून पाणी आत येतं ते, आणि त्यानंतर जिथून रात्री जनावर आत शिरेल ते. एवढं झालं की घर राहण्याजोगं झालं आणि पाहुण्याजोगंही. भिंतीचे पोपडे कुणाला चावत नाहीत.

दाराचं सांगते, म्हणजे सुताराचे पैसे वाचतील. आपल्याकडे दार लागेना झालं की लोक लगेच रंधा मारायला सांगतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा दार अडतं, आणि रंधा मारून बसवलं की पुढच्या उन्हाळ्यात तिथं बोटभर फट पडते. पण तुझं दार ऐन मे महिन्यात लागत नाहीय. म्हणजे ते फुगलेलं नाही, झुकलंय. दार अर्धं उघड, कडी धरून वर उचलून बघ. हललं, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सुटलेत. भोक मोठं झालं असणार, म्हणून स्क्रू नुसता आवळून उपयोग नाही. स्क्रू काढ, भोकात बांबूची बारीक कामटी फेविकॉल लावून ठोकून बसव, बाहेर आलेली कापून टाक, रात्रभर वाळू दे आणि सकाळी तोच स्क्रू पुन्हा पिळ. दाराखाली आधी एक पाचर सारायला विसरू नकोस, नाहीतर सगळा भार खालच्या बिजागरीवर येतो. एवढं एक काम स्वतःच्या हातानं केलंस की बाकीच्या घराची भीती जाईल. नळाचं तर त्याहून सोपं. वरची कॉक बंद कर, जुना वायसर खिशात घालून दुकानात जा आणि तसाच आण.

कौलांच्या बाबतीतही तेच, नमुना बरोबर ने. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, तिथून ही कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. मागाहून पुष्कळ कारखाने निघाले आणि सगळ्यांचे साचे सारखे नव्हते. म्हणून दिसायला एकसारखी दोन कौलं एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत आणि तिथूनच पाणी झिरपतं. फुटलेल्या कौलाच्या पाठीवर कारखान्याची मोहोर असेल. गावात कुणी जुनं घर उतरवून स्लॅब घातला असेल तर त्याच्या परसात अशी कौलं रचून ठेवलेली मिळतात, मागितली की देतात. पडवी ठेंगणी आहे, तेव्हा कौल आतून बदलता येईल. वरच्या ओळीतलं काठीनं जरा उचलून धरायचं, फुटलेलं रिपेवरून सोडवून काढायचं, नवं त्याच वाटेनं सरकवायचं. उचलून धरायला दुसरा माणूस लागतो. मैत्रिणी येतायत ना! मधल्या घराची शाकारणी मात्र गड्याकडूनच करून घे. जुन्या रिपा वरून धड दिसतात आणि पाय दिला की मोडतात.

आता कोंबड्या. पत्रात तू सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दलच लिहिलंयस, आणि मलाही त्यांच्याबद्दलच लिहायला आवडतं.

तांबडी खुडूक झाली म्हणून तिला अंड्यांवर रवणीला बसवायचं म्हणतेस. आत्ता नको. हिशेब कर. एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतील, म्हणजे थेट जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि तेव्हाच पाऊस धरतो. आई पिल्लांना ऊब देते, पण चरायला म्हणून ओल्या गवतात घेऊन जाते. दोन दिवस पिल्लं गारठली की मग चिवचिव वाढते, पंख लोंबतात, आणि सकाळी खुराड्यात एकेक आडवं पडलेलं दिसतं. पांढरीची पिल्लं वेळेवर निघाली, ती पावसापर्यंत सावरतील. तांबडीला गणपतीनंतर बसव, पाऊस ओसरायला लागला की.

खुडूक मोडायला लोक कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात. ते करू नकोस, फार हाल होतात त्या जिवाचे. जाळीच्या तळाचा एक पिंजरा दोन विटांवर उंच ठेव, आत गवत नको, तूस नको, फक्त पाणी आणि दाणा. पोटाला खालून वारा लागत राहिला की तीन-चार दिवसांत तिचा बसण्याचा नाद सुटतो. आणि हा नाद म्हणजे काही दोष नव्हे. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, गिरीराज-वनराज या सुधारित जाती त्याहून जास्त देतात, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. अंडी वाढवण्याच्या निवडीत बसण्याची सवय मागे पडत गेली. तेव्हा पुढे कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून सुधारित पक्षी आणलेस तरी एक-दोन गावठी माद्या दारात राहू दे. त्या नसतील तर पिल्लांसाठी दरवेळी बाहेर हात पसरावा लागतो.

सप्टेंबरमध्ये बसवशील तेव्हा दहा-बाराच्या वर अंडी घालू नकोस, आणि आठवड्यापेक्षा जुनी नकोत. अंडी धुवायची नाहीत, त्यांच्यावर एक पातळ पापुद्रा असतो, तो गेला की रोगजंतूंना वाट मिळते. टोपलीत खाली राख, वर भाताचं गवत, थोडा कडुलिंबाचा पाला, म्हणजे पिसवा होत नाहीत. सातव्या रात्री कोंबडीखालून एकेक अंडं काढून काळोखात टॉर्चच्या तोंडावर धर. आत लाल बारीक शिरांचं जाळं दिसलं आणि मधे एक ठिपका हलला, तर ते जिवंत. नुसतं पिवळसर स्वच्छ दिसलं, तर ते भरलेलंच नाही, काढून टाक. ते जाळं तू एकदा बघच. किती वर्षं कोंबड्या पाळल्या तरी त्या क्षणी माझे हात आपोआप हळू होतात.

पिल्लांना पहिले काही दिवस कणी पुरते, पण अंगाला मांस धरायला किडे हवेत. जुन्या बायका करायच्या ते कर. मडक्यात ओलं शेण आणि भाताचं गवत भरून संध्याकाळी गडग्यापलीकडच्या वारुळावर पालथं घालायचं. सकाळी मडकं वाळवीनं भरलेलं असतं, ते पिल्लांपुढे आपटायचं. मात्र घराच्या वाशांना वाळवीचं औषध मारलंस तर तिथं पडलेले किडे कोंबड्यांच्या तोंडाला लागू देऊ नकोस. अंड्यावर आलेल्या माद्यांना तिसऱ्यांचे शिंपले कुटून घाल, तुला मिठाच्या पाण्यातले मिळतात म्हणून दोनदा धुऊन वाळव. बुरशी आलेली पेंड किंवा कुबट कणी टाकून द्यायची, फुकट जाते म्हणून कोंबड्यांना घालायची नाही. ते विष असतं.

खुराड्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तू लावलेली षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्या आत राहाव्यात म्हणून असते, बाहेरचा आत येऊ नये म्हणून नाही. मुंगूस ती ओरबाडून सैल करतं, कांडेचोर (उदमांजर) कडी उचलून पाहतो, कुत्रा तर अंगानंच फाडतो. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लाव आणि तिची कड फूटभर बाहेरच्या बाजूनं जमिनीत गाड, म्हणजे उकरणारा तिथंच थांबेल. नुसती कडी पुरत नाही, तिच्यात एक खिट्टी अडकव. एका पक्ष्याला दीड-दोन चौरस फूट जागा, बसायला दांडा, आणि वरच्या बाजूला वाऱ्याला फट. सकाळी दार उघडलंस की तोंड आत घालून श्वास घे. डोळे चुरचुरले तर वारा कमी पडतोय. तूस ओलं झालं की त्याच दिवशी बदल, ओल्या तुसातूनच पिल्लांना रक्ती हगवण लागते.

आणि तिन्हीसांजेला स्वतः जाऊन कोंबड्या मोज. कुणावर सोपवू नकोस, पाहुणे असले तरी. उलट पाहुण्यांनाही बरोबर ने.

मैत्रिणींना काय करू, असं विचारतेस. तुझं रोजचं करत राहा आणि त्यांना त्यात घे. एकीला कौल धरू दे, दुसरीला शिंपले कुटू दे. शहरातून आलेल्या माणसाला नुसतं खुर्चीवर बसवून ठेवलं की दुसऱ्या दिवशी दुपारी ते फोन काढतं. काम दिलं की बोलायला लागतं. अंथरूण स्वच्छ, मच्छरदाणी शाबूत, रात्री न्हाणीकडे जायला उजेड, एवढं बघ. कोंबडा पहाटे चारला आरवतो हे आधीच सांगून ठेव.

त्यांनी कोंबडी-वडे मागितलेत आणि तू तर सगळ्या कोंबड्यांना एकेक नाव देऊन बसलीयस, म्हणून तुझा जीव खालीवर होतोय. हे मी समजू शकते. पण ठरव, आणि त्या यायच्या आधी ठरव. पांढरीच्या आठ पिल्लांत चार-पाच तरी नर निघतील. दहा माद्यांना एक नर पुरतो. बाकीचे मोठे झाले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि माद्यांच्या पाठी सोलून काढतात. तेव्हा आज ना उद्या त्यांचं काय करायचं हे तुला ठरवावंच लागेल, खाणारीनंही आणि न खाणारीनंही. माझं मत विचारशील तर अंड्यावरच्या मादीला हात लावायचा नाही, आणि जादा नर नीट वाढला की एका माणसानं, एका फटक्यात, इतर पक्ष्यांच्या नजरेआड. ते तुला होत नसेल तर त्यात काही कमीपणा नाही, नर विकून टाक. पण पाहुण्यांसमोर अडून बसू नकोस, सरळ सांग की यंदा अंड्याचा रस्सा आणि आंबोळ्या. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचं. जाताना प्रत्येकीला पाच-सहा अंडी डब्यात तूस भरून दे, गाडीत एकही फुटत नाही.

मानमोडीचं राहिलं. कोंबडी मान वाकडी करते, हिरवट हगते आणि दोन दिवसांत वाडीभरातली खुराडी रिकामी होतात. या रोगाला राणीखेत म्हणतात ते उत्तराखंडातल्या त्या गावावरून. झाल्यावर औषध नाही, आधी लस हाच उपाय. लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. पुढे आठव्या आठवड्यात आर-टू-बी, पंखाखाली कातडीत टोचून. लसीची बाटली शंभराच्या हिशेबानं येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली ठेवता येत नाही. म्हणून एकटीनं आणायची नाही, वाडीत आधी घरोघर सांगायचं. त्या निमित्तानं तुझी शेजाऱ्यांशी ओळखही होईल, तू आल्यापासून अजून कुणाच्या खळ्यात गेली नाहीस असं ऐकते. आणि कधी एकदम पुष्कळ पक्षी मेले तर उघड्या हातानं उचलू नकोस, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळव. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून हे सगळ्यांनीच पाळायचं झालंय.

पांढरीची पिल्लं रविवारी सहा दिवसांची होतील. शनिवारी मी तालुक्याला जातेय, लासोटा बर्फाच्या डब्यातून घेऊन येईन. तू तोवर तुझ्या वाडीतल्या घरांत कुणाकडे किती पिल्लं आहेत ते विचारून कागदावर लिहून ठेव. रविवारी सकाळी सातच्या आत येते, पिल्लं सोडू नकोस, खुराड्यातच ठेव. मैत्रिणी शनिवारीच पोचल्या तर उत्तम. पिल्लं धरायला हात लागतात.

तुझी,
काकी