रोमेलच्या आधी सेंगर

प्रिय मित्रा,

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनापती रोमेलवर तू किती भाळला आहेस ते तुझ्या पत्राच्या पहिल्या ओळीतच कळलं. त्याचा अभ्यास कर, हरकत नाही. पण लष्करी अकादमीत पाऊल टाकण्याआधी फ्रिडोलिन फॉन सेंगर उंड एटरलिन या जर्मन जनरलबद्दल वाच, असा माझा आग्रह आहे.

१९४४ च्या जानेवारी ते मार्चमध्ये इटलीत कॅसिनो गावाजवळचा मोर्चा त्याच्या चौदाव्या पॅन्झर (रणगाडा) कोअरनं धरून ठेवला. समोर अमेरिकी, न्यूझीलंडचे आणि आपल्या चौथ्या इंडियन डिव्हिजनचे जवान होते. नकाशावर बटालियन दिसायची, डोंगरावर माणसं उरलेली जेमतेम कंपनीएवढी, म्हणजे बटालियनच्या एका छोट्या तुकडीएवढी. हा फरक सेंगरला ठाऊक असायचा, कारण तो पुढच्या ठाण्यांवर स्वतः जायचा. एप्रिलमध्ये त्याच्या नाइट्स क्रॉस या जर्मन लष्करी पदकाला ओक पानं, म्हणजे त्याची वरची श्रेणी, मिळाली.

मला मात्र तो मोठा वाटतो तो कॉर्सिका या फ्रेंच बेटावरच्या प्रसंगामुळे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं दोस्त राष्ट्रांशी युद्धविराम जाहीर केला आणि जर्मनांचे कालचे सोबती एका रात्रीत शत्रू ठरले. बेटावरचं जर्मन सैन्य सुखरूप बाहेर काढायचं काम सेंगरकडे होतं. अशात वरून हुकूम आला: पकडलेल्या इटालियन अधिकाऱ्यांना गोळ्या घाला. ते सुमारे २०० जण होते. सेंगरनं आजारपणाची सबब काढली नाही, हुकूम हाताखालच्या कुणावर ढकलला नाही. वरिष्ठ केसेलरिंगला त्यानं सरळ कळवलं की हे मी करणार नाही, आणि त्या कैद्यांना मुख्य भूमीवर धाडून दिलं. त्याच महिन्यात ग्रीसच्या केफालोनिया बेटावर असाच हुकूम पाळला गेला आणि हजारो इटालियन सैनिक मारले गेले. म्हणजे नकार देणं शक्य होतं, हे विसरू नकोस.

पण त्याला देव्हाऱ्यातही बसवू नकोस. नाझी त्याला मनापासून नकोसे होते, तरी मे १९४५ पर्यंत तो त्यांच्याच बाजूनं लढला. कॅसिनो जितके दिवस टिकलं, तितके दिवस हिटलरच्या राजवटीला जास्तीचे मिळाले. हा हिशेब मला आजही सुटत नाही, आणि तो सोपा करून सांगणाऱ्यावर तू विश्वास ठेवू नयेस असं वाटतं.

आता एक काम कर. केसेलरिंगनं ते प्रकरण ताणलं नाही. त्यानं ताणलं असतं, तर सेंगरनं पुढे काय करायला हवं होतं? दोन पानं लिहून पाठव.

तुझा,
सर