शाळेत समुपदेशक व्हायचंय? आधी मधली सुट्टी बघ

मानसशास्त्रात एम.ए. झालं, आता शाळेत समुपदेशक व्हायचंय म्हणतेस, तर आधी महिनाभर मुख्याध्यापकांची परवानगी काढून एखाद्या शाळेत नुसती बस. येरवडा किंवा हडपसरकडची महापालिकेची शाळा मिळाली तर उत्तमच. मधल्या सुट्टीत डबा न उघडणारं मूल कोण, शाळा सुटल्यावरही फाटकापाशी रेंगाळणारं कोण, ते बघ. केबिनमध्ये आपणहून कुणी येत नाही. माझ्याशी पहिली मुलगी बोलली ती पाण्याच्या नळापाशी.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधीच देऊ नकोस. मी सुरुवातीला दिलं होतं. ते मोडावं लागलं तेव्हाचा त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. लैंगिक अत्याचाराचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं, कुणी शाळेच्या नावाची काळजी बोलून दाखवली तरीही. काय गुप्त राहील आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत मुलाला त्याच्या भाषेत सांग. अडचणीतल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर त्यालाही पाठ असू दे.

पालकांना शक्यतो संध्याकाळी बोलाव. धुणीभांडी करणाऱ्या आईचा खाडा झाला की पैसे कापले जातात. आणि नोंदी त्याच दिवशी लिहून कुलपात ठेव.